फोडणी कोणी मागितली

बा,

तुला कागद लिहावा असं गेल्या आठवड्यापासून डोक्यात आहे आणि रोज हात मागं येतो. तू होतास तेव्हाही मी तुझ्याशी मान वर करून फारसा बोललो नाही. आता तुझा आवाज आठवायला गेलो तर आधी तुझा खोकला आठवतो, जर्द्यानं खरवडलेला, आणि शब्द त्याच्या मागून येतात. माझं मराठी चौथीपर्यंतचं. पुढं शाळा हिंदी झाली आणि लवकरच तू मला शेजारी बसवून मांडीवर बिड्यांचं सूप दिलंस. तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घे. शिकलेल्या लोकांची भाषा मला येत नाही, आणि जी येते तिच्यात भीतीला एकच शब्द आहे, भेव.

झालं असं की माझी मुलगी गोंदियाहून आली होती. तिच्या सासरची माणसं सोबत होती, जेवणं आटोपली होती, आणि मुलांना वाढवावं कसं यावर बोलणं चाललं होतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्या बाबांनी मला कशासाठी अडवलं नाही. देव मान म्हणाले नाहीत, मानू नको म्हणाले नाहीत, सगळं माझ्यावर सोडलं. लोकांनी माना डोलावल्या. व्याही म्हणाले, असा बाप त्या काळात मिळणं कठीण. मी हात धुण्याच्या निमित्तानं मागं गेलो आणि नळापाशी बसून राहिलो. वाटलं, कोणी मला चोरीच्या मालासकट पाहिलं. तिला काय सांगणार? जे सांगायचं ते तुझ्यापासून सुरू होतं.

तुला माझ्या डोक्यामागची बट आठवत असेल. माझ्या आधीची तिघं भावंडं गेली होती, तिघंही मातेच्या, म्हणजे देवीच्या फोडांनी. मी राहिलो म्हणून मायनं माझ्या डोक्यावर मातामायच्या नावाची बट ठेवली होती. बाकीचं डोकं न्हावी भादरायचा, तेवढी बट सोडायचा. ती वेणीसारखी पाठीवर यायची आणि पोरं ओढायची. मोठा झालास की मातेच्या ठाण्यावर नेऊन कापू, कोंबडं देऊ, असं माय सांगायची. आणि तेल लावताना हमखास म्हणायची, तू माहा नाही, तिचा हायेस, तिनं मले वापराले देल्ला. ती हे लाडानं म्हणायची. मला ते खरंच वाटायचं. वस्तीच्या टोकाला कडुलिंबाखाली तिचं ठाणं होतं, शेंदूर लावलेले धोंडे, आणि मी त्यांच्यापैकी कोणाचा तरी होतो. तिथून जाताना मी पळत जात असे.

मग तू दसऱ्याच्या सुमारास वस्तीतल्या माणसांसोबत नागपूरला गेलास आणि पांढरे कपडे घालून परत आलास. तुझं चालणं बदललं होतं, मान ताठ झाली होती. हट्टा गावच्या रस्त्यावर बाजूला होऊन उभा राहणारा माणूस रस्त्याच्या मधून चालत आला, हे मी स्वतः पाहिलं. तू कोनाड्यातले देवाचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडलेस. वस्तीतल्या पोरांना ओळीनं उभं करून, देव मानणार नाही असं म्हणवून घेतलंस. सगळे म्हणाले, मीही म्हणालो. पण म्हणताना माझी पाठ त्या लिंबाकडं होती आणि मला वाटत होतं की मागून कोणी ऐकतंय. त्याच दिवसांत आपला जिल्हा नागपूरकडून तुटून भोपाळकडं गेला. त्याबद्दलही कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

आम्हाला ओळीत उभं केलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओसरीवर पानं कापत बसला होतास. मला हाक मारलीस, पुढ्यात बसवलंस, आणि ज्या कैचीनं तेंदूची पानं कापायचास त्याच कैचीनं माझी बट कापलीस. माय दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तीन नेले, एक ठेवला. जिनं ठेवला तिले इसरायचं काय?" तू कैची सुपात ठेवलीस आणि म्हणालास, "तिच्यापुढं टेकलेलं डोकं मंग सगळ्यापुढं टेकते. माह्या पोराचं डोकं टेकनार नाही." बा, आज मला त्या बोलण्याची किंमत कळते. पण त्या सकाळी मला एवढंच कळलं की तुम्ही दोघं माझ्या डोक्याबद्दल बोलताय आणि डोकं माझ्याच खांद्यावर आहे. मानेला मागून गार वारा लागत होता. मी टोपी मागितली. तू म्हणालास, उन्हात टोपी काहून पायजे, पोरासारखा पोरगा दिसून राह्यला आता.

शेजारची म्हातारी कुंपणावरून हे सगळं पाहत असे. ती आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची, पोट्टं मायचं नाही, बापाचं नाही, मातेचंही नाही राह्यलं, आता काय सरकारचं होते काय. त्यावर तूही हसायचास. मी रात्री अंथरुणात हाच हिशेब करत असे. मातेनं मला वापरायला दिलं आणि तुम्ही निशाणी कापली, तर ती मला परत न्यायला येईल. कधी येईल तेवढंच ठाऊक नव्हतं. हे मी तुला सांगू शकत नव्हतो, कारण मी सर्वांसमोर मानणार नाही असं म्हटलेलं होतं. मायला सांगू शकत नव्हतो, कारण तिला ते आधीच ठाऊक होतं आणि ती मला जास्तच घट्ट धरायची.

थंडीत देवी टोचणारा सरकारी माणूस आला. तू किरनापूरला बिड्या पोचवायला गेलतास. जाताना मायला बजावून गेलतास, पोराले पुढं कर. मायनं मला धानाच्या कोठीमागं बसवलं, वर पोतं टाकलं आणि त्या माणसाला सांगितलं, पोरगा मामाकडं गेला. सुई लागली तर माता चिडते असं तिचं म्हणणं. मी पोत्याखाली श्वास धरून होतो. मला सुईचंही भेव होतं आणि सुई न घेण्याचंही. संध्याकाळी तुला कळलं तेव्हा तू हात उगारला नाहीस, तुझा तो स्वभाव नव्हता, पण भाकर न खाता उठलास. पोरगा माझा आहे, मी ठरवीन, असं तू म्हणालास. तिनं उत्तर दिलं, नऊ महिने कोणी ठरवलं. मी ताटावर मान घालून भात खात होतो.

चैतात माझ्या अंगात ताप भरला आणि मग फोड उठले. माता आली. मायनं दारावर लिंबाचा डहाळा लावला. तुला आठवत असेल, माता घरात असली की कढई चढत नाही, फोडणी देत नाहीत, तेलाचा चर्र आवाज होऊ देत नाहीत, केस विंचरत नाहीत. जर्द्याचा वास नको म्हणून मायनं तुझं सूप बाहेर काढलं आणि तू लिंबाखाली नाही, गोठ्याच्या सावलीत जाऊन बसलास. तू कुठून तरी डॉक्टरला विचारून आलास, त्यानं स्वच्छ ठेवा, पाणी पाजा यापलीकडं काही सांगितलं नव्हतं. तुम्ही एकमेकांशी बोलत नव्हता. फक्त माझ्याशी बोलत होता, आणि माय तर माझ्याशीही बोलत नव्हती. कारण आजारी पोर त्या दिवसांत पोर नसतं, माता असते. त्याला नावानं हाक मारत नाहीत. ते जे मागेल त्याला नाही म्हणत नाहीत.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढं अजून तशीच आहे. मी लिंबाच्या पाल्यावर निजलोय. तोंडात, घशात फोड आहेत, एक पापणी चिकटली आहे. माय पायथ्याशी बसते, पदर पसरते, आणि माझ्या पायावर कपाळ ठेवते. माझी माय माझ्या पाया पडते. मी पाय ओढायला पाहतो तर ती तो धरून ठेवते. "माय," ती मला म्हणते, "चुकलं थे आमचं चुकलं, लेकराचं नाही. काय पायजे थे माग." मग अगदी जवळ येते आणि हळू म्हणते, "बा आला का म्हनजो, याच्या हातचं पानी पायजे ठाण्यावर. म्हनशीन ना?" तू ठाण्यावर पाणी वाहावंस असं मी मागायचं होतं. हे ती मला सांगत होती की मातेला, तेच मला कळेना. माझ्या आत खरंच कोणी आहे काय, असं मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारलं. आणि मला आत काहीतरी हललेलं जाणवलं. ताप असेल. आज मी म्हणतो ताप असेल.

तू आत आलास. ते पाहून दारातच थांबलास. "हे काय लावलं वं? पोराच्या पाया काहून पडतं?" माय म्हणाली, "पोराच्या नाही." तू क्षणभर तिच्याकडं पाहिलंस, मग माझ्याजवळ उकिडवा बसलास. तुझ्या अंगाला जर्द्याचा वास होता आणि मला तो फार बरा वाटला. "इकडं पाह्य," तू म्हणालास, "इथं कोनी माता-गिता नाही. तू हायेस. तुले काय पायजे थे तू सांग. तू म्हनशीन थे मी करतो." आणि दुसऱ्या बाजूनं माय म्हणाली, "हौ, सांग. म्हनशीन थे करू."

बट ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं, कापताना नाही, कोठीमागं बसवताना नाही, ओळीत उभं करताना नाही. आता जिभेवर फोड असताना दोघांनी एकदम विचारलं. पाणी मागितलं तर तू तांब्या घेऊन वस्तीतून त्या धोंड्यांपर्यंत जाशील, ज्यांच्यासोबत पांढरे कपडे घालून आलास ती माणसं ओट्यावरून पाहतील, आणि ती ताठ मान माझ्यामुळं वाकेल. पाणी मागितलं नाही तर माय समजेल की मातेनं तोंड फिरवलं, चौथा गेला. आणि याहून मोठं भेव हे की मी तोंड उघडीन आणि बाहेर दुसऱ्याच कोणाचा आवाज येईल. मी तोंड उघडलं. आवाज आला.

"लाखोळीचं वरण. लसनाची फोडणी देऊन."

शेजारची म्हातारी दारापर्यंत आलीच होती, ती म्हणाली, माता कवा फोडणी मागते काय, हे पोट्ट्याचे चोचले हायेत. माय तिच्याकडं वळली. "तोंड कोनाचं हाय थे तुले का मालूम?" आणि ती उठली. हुकूम होता, मोडता येत नव्हता. तू हसलास. माझ्याकडं पाहून मोठ्यानं हसलास, जसा मी एखादी कुस्ती मारून आलो होतो. माझं पोरगं घाबरत नाही, असं काहीतरी म्हणालास. तिनं चूल पेटवली तेव्हा काडी दोनदा विझली. मी कानांवर हात नेले पण हातांना फोड होते, दाबता येईना. तेलात लसूण पडला आणि तो आवाज घरभर झाला. त्याच वेळी, बा, माझ्या घोट्यावर ठेवलेला तुझा हात आवळला. बिडीला दोरा आवळताना तुझी बोटं जशी होत, तशी. तू हसत होतास आणि हात आवळलेला होता. मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. मला पाहवलं नसतं.

घास गिळता आला नाही, घशात आगच उठली. संध्याकाळी ताप चढला आणि मी बडबडू लागलो असं पुढं ऐकलं. माय भिंतीकडं तोंड करून बसली होती. तू दारात बसला होतास, आणि बाहेर सुपात भिजवून ठेवलेली पानं गरम वाऱ्यानं कडक होऊन चुरा झाली तरी तू उठला नाहीस. कोणी कोणाला दोष दिला नाही. देणार तरी कसा? मागितलं मी होतं.

मी वाचलो. खपल्या पडल्या, हे वण राहिले. पण वाचल्यावर मला दोघांची साक्ष द्यावी लागली. वस्तीतल्या सभेत तू मला उभं करायचास, हनुवटी धरून तोंड कंदिलाकडं वळवायचास आणि सांगायचास, माझ्या पोरानं मातेच्या दिवसांत फोडणी मागून खाल्ली, काय झालं त्याले? पोरांनो, भिऊ नका. आणि माय नदीवर कपडे धुताना बायांना सांगायची, तिनं सोता तोंडानं मागून खाल्लं, मंग कोप सोडला. तिथंही बाया माझी हनुवटी धरून वण पाहायच्या. मी दोन्हीकडं मान हलवत असे. मला वाटायचं, एक दिवस दोघं एका जागी उभे राहून मला विचारतील. तुम्ही कधीच विचारलं नाही. मला आता वाटतं, तुम्हालाही ते विचारायचं भेव होतं.

तू गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्या मुलीला गोवर झाला. ती सात-आठ वर्षांची, हिंदी शाळेत जाणारी, घरातही अर्धं हिंदी बोलणारी. म्हातारी माय लिंबाचा डहाळा घेऊन उभी होती, पण काही म्हणत नव्हती, मी काय म्हणतो याची वाट पाहत होती. बायको म्हणाली, का करायचं, बोला. मी मनाशी फार आधीपासून ठरवलं होतं की माझ्या पोरीवर मी काही लादणार नाही. तिच्या अंगावर कोणाची निशाणी ठेवणार नाही, कापणार नाही. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि माझ्या तोंडून तुझेच शब्द निघाले. "तुले काय पायजे थे तू सांग. तू म्हनशीन थे मी करतो." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मुझे क्या मालूम?" ती रडत म्हणाली. "आप बताओ ना, बाबा."

आणि मला सांगता आलं नाही. शेवटी बायकोनं पोरीला उचललं, मला म्हणाली सायकल काढा, तिला मागं धरून बसली आणि किरनापूरच्या दवाखान्यात आम्ही गेलो. मायनं डहाळा दाराला लावला, तो कोणी काढला नाही. पोरगी बरी झाली. मी मात्र सायकल मारताना पाठीमागं तिचं कण्हणं ऐकत होतो आणि मला कळत होतं की तिला माझी मोकळीक नको होती. तिला कोणी तरी ठाम सांगणारं पाहिजे होतं, चुकीचं का होईना. तुझ्याजवळ ते होतं. माझं डोकं कोणापुढं टेकू नये म्हणून तू ते हातात धरून कातरलंस. मला त्याचा राग आहे. पण तुझा हात तरी होता तिथं. माझा हात पोरीच्या डोक्यावर कधी गेलाच नाही, कारण तो काय करून बसेल याचं मला भेव. ती पुढं विहारात जाऊ का म्हणाली, मी म्हणालो तुझं तू पाहा. नाही जात म्हणाली, तेव्हाही तेच. लग्न जातीबाहेरच्या मुलाशी करते म्हणाली, तेव्हाही तेच. लोकांनी त्याला मोठ्या मनाचं नाव दिलं आणि मी ते घेतलं. आता तीही तेच नाव घेऊन चारचौघांत सांगते, आणि तिच्या पोरांना तसंच वाढवू पाहते. तिला खरं सांगावं तर तिच्या हातात काय राहील?

म्हणून हे तुला. त्या दुपारी मला खायला काही नको होतं. मुलीसारखंच, तू सांग ना, असं मला म्हणायचं होतं. पण तू पहिल्यांदाच मला विचारत होतास, आणि ते परत तुझ्याच अंगावर टाकलं तर पुन्हा कधी विचारणार नाहीस, असं वाटलं. मग फोडणी कोणी मागितली, हे मला अजून ठाऊक नाही. सभेत मान हलवली तेव्हा ठाऊक नव्हतं, नदीवर हलवली तेव्हाही नाही. तेव्हापासून काही मागायची वेळ आली की मी आधी थांबतो आणि आत कान देतो. दुकानात, बँकेत, जेवताना वाढणाऱ्यासमोरसुद्धा. लोक म्हणतात, म्हातारा फार विचार करतो.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. माणूस गेला की मागं काही उरत नाही, आत्मा नाही, ऐकणारा कोणी नाही, हे तूच मला शिकवलंस आणि ते मला पाठ आहे. तरी मी दार लावून लिहितोय. आत्ता बाहेर ओसरीवर कोणी तरी खोकललं, तर मी कागद चादरीखाली सरकवला.